स्पीच थेरपीची स्वतःची प्रॅक्टिस: पाटी लावण्याआधी कोणते कागद हवेत

इंटर्नशिप संपायच्या सुमाराला दरवर्षी मुलींचे फोन येतात. "मॅडम, खोली बघितलीय, डिपॉझिटही दिलंय. पुढच्या महिन्यात सुरू करू ना?" मी आधी विचारते, सीआरआर नंबर, म्हणजे थेरपिस्टच्या केंद्रीय नोंदवहीतला नंबर, आला का? बहुतेकदा उत्तर येतं, "अर्ज केलाय." अर्जाची पावती म्हणजे नोंदणी नव्हे. नंबर हातात येईपर्यंत पेशंट घेऊ नका.

भारतीय पुनर्वसन परिषद (आरसीआय) कायदा, १९९२ च्या कलम १३ नुसार केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत, म्हणजेच सीआरआरमध्ये, नाव असल्याशिवाय भारतात कुठेही ही प्रॅक्टिस करता येत नाही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. कायद्याने लागणाऱ्या दाखल्यावर नोंदणी नसलेल्या थेरपिस्टची सही चालत नाही. तुमच्या सहीच्या भरवशावर आईबाप कचेरीत जातात आणि रिकाम्या हाताने परततात.

पात्रता सरळ आहे. बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीचची पदवी, चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं, आणि कॉलेज आरसीआयच्या मान्यतेचं. तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षी मान्यता होती का, हे कॉलेजकडून लेखी घ्या. डिप्लोमाची नोंद वेगळ्या वर्गात होते. तेवढ्यावर 'ऑडिओलॉजिस्ट व स्पीच थेरपिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. फिजिओथेरपीवाल्या मैत्रिणीचं ऐकून राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी) कौन्सिलकडे जाऊ नका. ती परिषद त्यांची, आपली नाही.

अर्ज आरसीआयच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. फोटो, सही, शुल्क यात अडचण येत नाही. अर्ज अडतो तो नावावर.

आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. आधारवर क्रम उलटा. पदवीवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. तीन कागदांवर तीन नावं दिसली की अर्ज परत येतो, आणि कारण एका ओळीचं असतं, ज्यातून काहीच कळत नाही. माणूस नेमकं काय दुरुस्त करणार? तेव्हा अर्ज पदवीवरच्याच नावाने भरा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. स्पेलिंगच वेगळं असेल तर आधी राजपत्रात नावबदल करून घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम इंटर्नशिप चालू असतानाच उरका.

दुसरी अडचण पदवी प्रमाणपत्राची. ते दीक्षान्त समारंभानंतर मिळतं, आणि तोवर महिने जातात. मधल्या काळासाठी विद्यापीठाचं प्रोव्हिजनल प्रमाणपत्र निकाल लागल्या लागल्या मागून घ्या. कॉलेजच्या लेटरहेडवरचं 'उत्तीर्ण झाली आहे' असं पत्र त्याची जागा घेत नाही. इंटर्नशिपच्या दाखल्यावर सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही तारखा असू द्या. नुसतं 'पूर्ण केली' लिहिलेला दाखला घेऊन मुली पुन्हा कॉलेजच्या पायऱ्या चढलेल्या मी पाहिल्यात, आणि तोवर सही करणारे सर बदलून गेलेले असतात. गुणपत्रिका सगळ्या जोडा, नापास झालेल्या विषयाचीसुद्धा. ती लपवण्यासारखी गोष्ट नाही.

नंबर आला की मग जागेचं बघा. भाडेकरार तोंडी नको. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. जागा सोसायटीत असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र आधी, डिपॉझिट नंतर.

गुमास्त्याबद्दल, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीबद्दल, फार गैरसमज आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार, २०२५ च्या दुरुस्तीनंतर, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही. व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, तिची पावती मिळते. बँकेतला माणूस चालू खात्यासाठी "लायसन्स आणा" म्हणाला तर गांगरू नका, एजंटला पैसेही देऊ नका. ही पावती दाखवा आणि विसाच्या आतल्यांना हाच कागद मिळतो हे शांतपणे सांगा.

व्यवसाय कराची मुदत तर हमखास चुकते. "अजून कमाईच नाही, कर कसला?" असं म्हणून वर्ष काढतात. प्रॅक्टिस सुरू झाल्यापासून ३० दिवसांत नावनोंदणी करायची असते, त्यालाच पीटीईसी म्हणतात. वर्षाचे २,५०० रुपये. उशीर केला की व्याज चढतं. जीएसटी नोंदणीची चिंता वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर करू नका.

पाटीवर नाव, पदवी आणि सीआरआर नंबर लिहा. नावाआधी 'डॉ.' नको, पालक कितीही आदराने म्हणोत. पीएचडी झाली असेल तर गोष्ट वेगळी.

नोंदणी कायमची नसते. प्रमाणपत्रावरची मुदतीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. नूतनीकरणाला सीआरईचे, म्हणजे पदवीनंतरच्या पुनर्वसन प्रशिक्षणाचे, गुण लागतात, आणि ते फक्त आरसीआयने मान्य केलेल्या कार्यक्रमांचे धरतात. कुठल्याही वेबिनारचं रंगीत सर्टिफिकेट चालत नाही. पैसे भरण्याआधी आयोजकांकडून मान्यतेचं पत्र मागा. पुढे एमएएसएलपी, म्हणजे याच विषयातली पदव्युत्तर पदवी, केलीत तर तीही पात्रता नोंदवहीत चढवून घ्या. ती आपोआप चढत नाही.