जॉन्सन, मार्शा पी.

(२४ ऑगस्ट १९४५ – जुलै १९९२). समलिंगी व पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय कार्यकर्त्या. जन्म न्यू जर्सीतील एलिझाबेथ या शहरी. वडील मोटार कारखान्यात कामगार होते. जन्माने मुलगा असलेल्या मार्शा लहानपणी फ्रॉक घालत. शेजारच्या मुलांच्या जाचाने ते सोडावे लागले. १९६३ मध्ये शाळा संपताच १५ डॉलर आणि कपड्यांची एक पिशवी घेऊन त्यांनी न्यूयॉर्क गाठले. ‘जॉन्सन’ हे आडनाव त्यांनी ४२व्या रस्त्यावरच्या ‘हॉवर्ड जॉन्सन’ या हॉटेलावरून उचलले. ‘पी’ म्हणजे काय, या प्रश्नाला त्यांचे उत्तर ठरलेले : ‘पे इट नो माइंड’, तिकडे लक्ष नका देऊ. एका न्यायाधीशालाही त्यांनी हेच ऐकवले होते.

त्या स्वतःला ‘ड्रॅग क्वीन’, म्हणजे बायकांच्या झगमगीत वेशात वावरणारा पुरुष, म्हणवत. ‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता. मराठीतला ‘तृतीयपंथी’ही येथे नीट बसत नाही. त्याच्यामागे गुरू-चेल्यांची जी परंपरा डोळ्यांसमोर येते, ती मार्शांच्या वाट्याला आली नव्हती.

२८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधील स्टोनवॉल इन या समलिंगींच्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि दंगल उसळली. पहिली वीट मार्शांनी फेकली, असे सर्रास सांगितले जाते. त्यांनी स्वतः मात्र एका मुलाखतीत, आपण पोहोचलो तेव्हा दंगल सुरू झालेली होती, असे स्पष्ट सांगितले आहे. या विटेच्या गोष्टीत त्यांचे खरे काम झाकले जाते.

ते काम १९७० चे. मैत्रीण व सहकारी कार्यकर्त्या सिल्व्हिया रिव्हेरा यांच्यासह त्यांनी ‘स्टार’ (स्ट्रीट ट्रान्सव्हेस्टाइट अ‍ॅक्शन रिव्होल्यूशनरीज) ही संघटना काढली. घरातून हाकललेल्या मुलांना निवारा देणे हा तिचा मुख्य उद्योग. पहिला निवारा म्हणजे एका मैदानात उभा असलेला ट्रकचा ट्रेलर. एके सकाळी दोघी खाण्याचे सामान घेऊन परतल्या, तर मुले आत झोपलेली असताना ट्रेलर निघालेला. मुलांनी पटापट उड्या मारल्या, ही रिव्हेरा यांची आठवण. पुढे ईस्ट व्हिलेजमधल्या एका पडक्या इमारतीत त्यांनी जागा घेतली. पोरांना देहविक्रय करावा लागू नये म्हणून भाड्यासाठी या दोघी स्वतः तो करत. १९७१ मध्ये तीही जागा गेली.

स्वतः मार्शांना कित्येकदा घर नसे. फुलबाजारात फुलांच्या टेबलांखाली त्या झोपत आणि उरलीसुरली फुले डोक्यात माळत. त्यांच्या छायाचित्रांत दिसणारा पुष्पमुकुट तो हाच. १९७५ मध्ये प्रसिद्ध अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने त्यांची चित्रे काढली. एड्सच्या साथीत ‘अ‍ॅक्ट अप’ या एड्सग्रस्तांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या आंदोलनांत त्या उतरल्या.

६ जुलै १९९२ रोजी हडसन नदीत त्यांचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आत्महत्या म्हणून नोंद केली. मित्रमंडळींनी ते कधीच मानले नाही. पुढे मृत्यूचे कारण ‘अनिश्चित’ असे बदलण्यात आले आणि २०१२ मध्ये तपास पुन्हा उघडला गेला. २०२० मध्ये ब्रुकलिनच्या नदीकाठच्या सरकारी उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले.