दहिवर (महाबळेश्वर पठार)

दहिवर : हिवाळ्यातील निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतच्या वस्तूंवर साचणारा बर्फाचा पातळ थर. सातारा जिल्ह्यात तो मुख्यतः महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात, बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातल्या मोजक्याच पहाटे दिसतो. वर्तमानपत्रे ‘दवबिंदू गोठले’ किंवा ‘हिमकण’ असे लिहितात. पर्यटक ‘बर्फ पडला’ म्हणतात. हा बर्फ पडत नाही, जागच्या जागी धरतो. पायी हिंडणाऱ्याने हा भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सारे त्यावरच ठरते.

दह्यासारखे पांढरे म्हणून दहिवर, ही जुळवणी मोहक आहे. मात्र बोलीत हा शब्द साध्या दवालाही लावतात आणि दव पांढरे नसते. त्यामुळे ती लोकव्युत्पत्ती असावी. शब्दात ‘हिव’ही ऐकू येते; ‘हीव’ (थंडी) आणि ‘हिवाळा’ यांचे मूळ ‘हिम’ शब्दात आहे, याबद्दल वाद नाही.

येथील थर म्हणजे गोठलेले दव की बाष्पापासून थेट बनलेला बर्फ, हा खरा प्रश्न. हवेचा दवांक (ज्या तापमानाला हवेतले बाष्प साचू लागते तो अंश) शून्य अंश सेल्सिअसच्या वर असेल तर आधी दव पडते आणि पृष्ठभाग आणखी निवल्यावर ते गोठते. असे थेंब गोल, काचेसारखे व बरेचसे पारदर्शक राहतात. दवांक शून्याखाली असेल तर बाष्प द्रवरूप न होता थेट स्फटिकरूप घेते. या सुया-पिसांमध्ये हवा अडकून प्रकाश विखुरतो, म्हणून त्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. तलावाकाठच्या दमट हवेत सुरुवात दवानेच होत असावी व पहाटेकडे त्यावर सुया चढत असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. स्ट्रॉबेरीच्या पानाच्या दातेरी कडेवर पांढरी झालर आणि त्याच पानाच्या मध्यावर काचमणी, असे दोन्ही प्रकार एकत्र दिसू शकतात.

गावात पारा पाच-सहा अंशांवर असताना बर्फ कसा, अशी शंका नेहमी घेतली जाते. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे 1.2 मी. उंचीवर असतो. गवताचे पाते मात्र रात्रभर उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत असते आणि सभोवतालच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी अधिक थंड होऊ शकते. शिवाय थंड हवा जड असल्याने उतारांवरून ओघळून वेण्णेच्या खोलगट भागात साचते. सुमारे 1,372 मी. उंचीवरचे गाव त्यामानाने उबदार राहते. तलाव (बांधकाम 1842 च्या सुमाराचे) स्वतः गोठत नाही. नौकाधक्क्याच्या फळ्या, मोटारींचे टप आणि काठचे गवत तेवढे पांढरे होते.

पायवाटेवर दहिवर सलग नसते. उघड्या गवताळ खोलगटात ते दाट असते, झाडीखाली नसते, कारण पानांचे छत जमिनीची उष्णता आकाशाकडे जाऊ देत नाही. वेण्णा तलावाकडून लिंगमळ्याकडे पहाटे चालताना हे बदल काही पावलांच्या अंतराने जाणवतात. कोरड्या मातीवर बूट धरतो. लाकडी फळी, लोखंडी पायरी आणि शेवाळलेला जांभा यांवर मात्र तो सटकतो, आणि उन्हाचा पहिला कवडसा लागून थर वितळू लागतो ती काही मिनिटे सर्वांत फसवी. थर इतका पातळ असतो की बुटाला खिळ्यांची पट्टी बांधण्याचा उपयोग नाही. ती हिमालयातल्या तुडवून घट्ट झालेल्या बर्फासाठी. लडाखमधील झंस्कर नदीवरील ‘चादर’ तर गोठलेल्या प्रवाहाचा पापुद्रा असतो, त्याची जाडी पारखत चालावे लागते. येथे कानटोपी, कोरडे मोजे आणि माणदेशी घोंगडी एवढ्यावर भागते.

जिल्ह्यातील इतर हिवाळी वाटांवर दहिवराच्या नोंदी विरळ आहेत. बामणोलीहून शिवसागर जलाशय ओलांडून वासोटा किल्ल्यावर (1,171 मी.) जाणारी वाट बरीचशी दाट जंगलातून चढते, तिथे पहाटे पानांवरून दव ठिबकत असते.