ग्राफिक्स कार्डाची निवड आणि व्हिडिओ पोर्ट

संगणकात तयार झालेले चित्र मॉनिटरकडे नेणारे पोर्ट ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या धातूच्या पट्टीवर असतात. कार्ड घेताना लोक मेमरी किती जीबी आणि गेममध्ये फ्रेम किती मिळतात, एवढेच विचारतात. घरी आल्यावर मॉनिटरची केबल कशातच बसत नाही, तेव्हा कुठे पट्टीकडे लक्ष जाते. त्यामुळे कार्ड शोधण्याआधी मॉनिटरची मागची बाजू पाहावी. तिथे कोणते पोर्ट आहेत, मॉनिटर किती रिझोल्यूशनचा (आडवे-उभे किती बिंदू) आणि किती हर्ट्झचा (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) आहे, हे आधी लिहून घ्यावे.

व्हीजीए हा यातला सर्वांत जुना पोर्ट. आयबीएमने तो १९८७ मध्ये आणला: तीन ओळींत पंधरा पिना, दोन बाजूंना स्क्रू, आणि संकेत अ‍ॅनालॉग, म्हणजे आकड्यांऐवजी सलग बदलणाऱ्या विद्युतदाबाचा. नव्या कार्डांवर तो दिसत नाही.

१९९९ मध्ये आलेला डीव्हीआय जास्त फसवतो, कारण त्याचे प्रकार लांबून सारखेच वाटतात. जवळून पाहिले तर पोर्टच्या एका टोकाला एक आडवी चपटी खाच असते. तिच्याभोवती चार छिद्रे असतील तर तो डीव्हीआय-आय. त्यातून अ‍ॅनालॉग संकेतही मिळतो आणि जुना व्हीजीए मॉनिटर साध्या अ‍ॅडॉप्टरवर चालतो. छिद्रे नसतील तर तो डीव्हीआय-डी, म्हणजे फक्त डिजिटल. एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १०८० कार्डावर हाच प्रकार होता. तिथे व्हीजीएसाठी आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो.

आजचा खरा प्रश्न एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट यांचा आहे. दोन्ही पोर्टचा आकार वर्षानुवर्षे तोच राहिला, क्षमता मात्र आवृत्तीगणिक वाढत गेली. हिशेब सोपा आहे. ३८४० × २१६० बिंदू, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट. एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट, त्यामुळे या रिझोल्यूशनला ती ३० हर्ट्झवर थांबते आणि माउसचा बाण अडखळत सरकताना दिसतो. २.० ची क्षमता १८, तर २०१७ च्या २.१ ची ४८ गिगाबिटपर्यंत. डिस्प्लेपोर्ट १.४ ची ३२.४ असली तरी चित्रासाठी सुमारे २६ उरतात. याच रिझोल्यूशनला १४४ हर्ट्झ आणि १० बिट रंग (तीन मूळ रंगांना प्रत्येकी १०, म्हणजे बिंदूला ३० बिट) हवे असतील तर साधारण ३६ लागतात. तिथे डीएससी हे संकोचन (चित्राची माहिती आकसवून पाठवण्याची पद्धत) कामी येते, पण ते कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही यावे लागते. म्हणून खोक्यावर नुसते ‘एचडीएमआय’ लिहिलेले पुरेसे मानू नये. कार्डाच्या तपशिलात आवृत्ती शोधावी.

अ‍ॅडॉप्टरला दिशा असते, आणि पैसे वाया जातात ते बहुधा इथेच. कार्डावरच्या डिस्प्लेपोर्टातून एचडीएमआय मॉनिटरला सहसा स्वस्त केबल चालते. तीच केबल उलटी लावून एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटर चालत नाही. त्याला वेगळा, बहुधा स्वतंत्र वीज लागणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा डिस्प्लेपोर्ट जास्त असलेले कार्ड घेणे शहाणपणाचे. टीव्हीला मात्र सहसा एचडीएमआयच लागतो, तेव्हा तो एक तरी हवाच.

लिनक्स वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एएमडीच्या मुक्तस्रोत ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या, कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) एचडीएमआय २.१ आणण्याचा प्रस्ताव एचडीएमआयचे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला. एएमडी कार्ड आणि जास्त हर्ट्झचा मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्टचीच वाट धरलेली बरी.

पोर्ट जितके, तितके मॉनिटर चालतीलच असेही नाही. जीटीएक्स १०८० वर पाच पोर्ट होते, पण एका वेळी चारच मॉनिटर चालत.

डिस्प्लेपोर्टच्या अनेक प्लगांना पोर्टात अडकणारे दोन बारीक हुक असतात. वरचे बटण दाबल्याशिवाय ते सुटत नाहीत. जोर लावून ओढले तर कार्डावरचा पोर्टच उखडू शकतो.