मोडीच्या सोन्यातील ऱ्होडियम

मोडीत आलेल्या पांढऱ्या सोन्याच्या दागिन्यांवर ऱ्होडियम या पांढऱ्या, चकचकीत धातूचे पाणी, म्हणजे पातळ लेप, चढवलेले असते. गलाईच्या, म्हणजे सोने गाळून शुद्ध करण्याच्या, वेळी ते सोन्यापासून वेगळे करावे लागते. कोल्हापुरी साज किंवा ठुशी मोडीला आली तर हा प्रश्नच येत नाही, कारण ते दागिने पिवळे. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, तो उभा राहतो हिऱ्याच्या अंगठ्या, कुड्या आणि दुरंगी बांगड्या मोडताना. चांदी काळी पडू नये म्हणून तिच्यावरही हे पाणी देतात, त्यामुळे हुपरीसारख्या चांदीच्या गावालाही हा विषय परका नाही.

ऱ्होडियम १८०४ च्या सुमारास विल्यम वोलॅस्टन यांनी शोधले. त्याच्या क्षारांचा रंग गुलाबी, म्हणून ग्रीक भाषेतील गुलाबावरून हे नाव. सोने १०६४ अंशांना वितळते, तर ऱ्होडियमला सुमारे १९६४ अंश सेल्सिअस लागतात. सोन्याला विरघळवणारे अम्लराजही घट्ट ऱ्होडियमपुढे हात टेकते.

मोडीत याच्या किमतीची चर्चा फार होते, आणि ती बहुधा फुकट असते. लेपाची जाडी मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) एकदशांशापासून अर्ध्यापर्यंत. दहा ग्रॅमच्या दागिन्याचा पृष्ठभाग दहा चौरस सेंटिमीटर आणि लेप ०.२ मायक्रॉन धरला, तर ऱ्होडियम भरते जेमतेम अडीच मिलिग्रॅम. मार्च २०२१ मध्ये भाव औंसाला २९,००० डॉलरपुढे गेला होता. त्या भावानेही एवढ्याचे अडीच डॉलर होत नाहीत. उलट त्याच दागिन्यात, सोने पांढरे करण्यासाठी मिसळलेले पॅलॅडियम दहा टक्के असेल, तर ते एक ग्रॅम. लक्ष तिकडे हवे.

अख्खा दागिना अम्लात टाकला तर ऱ्होडियमच्या कवचामुळे अम्ल आत शिरत नाही. ओरखड्यातून किंवा कापलेल्या कडेनेच सोने खाल्ले जाते. म्हणून आधी कानशीने घासतात किंवा पत्रा लाटून बारीक तुकडे करतात. सोने विरघळले की लेपाचे पापुद्रे तळाशी राहतात आणि गाळणीत अडकतात.

दुसरी वाट चांदीची. मुशीत टाकणखार घालून एक भाग सोन्याला तीन भाग चांदी मिसळून वितळवतात आणि नायट्रिक अम्लात टाकतात. चांदी, तांबे, निकेल आणि पॅलॅडियम द्रावणात उतरतात; पॅलॅडियम असेल तर द्रावणाला नारिंगी-तपकिरी झाक येते. मागे राहिलेल्या तपकिरी सोन्यात ऱ्होडियमचा अंश असतो. तो वितळताना मिश्रधातूत विरल्यामुळे पुढे अम्लराजातही थोडाफार उतरतो. मात्र हिराकस (फेरस सल्फेट) घातल्यावर फक्त सोने खाली बसते, ऱ्होडियम द्रावणातच राहते. सोने नीट धुतले नाही, तर हे सारे कष्ट वाया. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर हाच धंदा करतात. या अम्लांच्या कामात निघणारा तांबडा धूर फुप्फुसांना घातक असतो. काम धुराड्याखालीच करावे.

टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढतानाही हा लेप फसवतो. क्ष-किरण यंत्र वरचेच थर वाचते, त्यामुळे पाणी न घासता दागिना ठेवला तर सोने कमी दिसते. शिवाय काही यंत्रांच्या क्ष-किरण सोडणाऱ्या नळीतच ऱ्होडियम असते, आणि त्याची रेषा आलेखात आपोआप उमटते. कसोटीच्या दगडावरही आधी लेप घासूनच रेघ ओढावी. गाळणीतला काळसर गाळ साठवून ठेवतात; पुरेसा झाला की प्लॅटिनम गटातील धातू काढणाऱ्या मोठ्या रिफायनरीकडे पाठवता येतो.