बंगारामला जायचंय? मग आधी पोलीस ठाण्यात जा

लक्षद्वीपमधल्या बंगाराम बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळानं वेढलेल्या उथळ पाण्यात, कासवं बघायची, प्रवाळात डायव्हिंग करायचं, असं ठरलं की आपल्याकडचे बहुतेकजण पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढतात. कृपा करून तसं करू नका. लक्षद्वीप आपल्याच देशात असलं तरी तिथे पाऊल ठेवायला प्रवेश परवाना लागतो, आणि त्याची तयारी ठाणे शहरात किंवा नवी मुंबईत, राहत्या पत्त्यावरूनच सुरू होते.

हे नियम १९६७ पासूनचे आहेत, आणि मला ते मनापासून पटतात. लक्षद्वीपच्या सगळ्या बेटांची जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या येऊरच्या जंगलासकट जे राष्ट्रीय उद्यान आहे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. वस्ती फक्त १० बेटांवर, आणि तिथले मूळ रहिवासी बहुतांश अनुसूचित जमातीचे. गोडं पाणी मोजकंच. तिथे माणसं मोजूनच सोडायला हवीत.

परवाना कोणत्याही भारतीय नागरिकाला मागता येतो. मूळ बेटवासीयांना तो लागत नाही. पर्यटकाला दोन वाटा आहेत: प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेचं किंवा मान्यताप्राप्त टूरवाल्याचं पॅकेज घ्यायचं, नाहीतर बेटावरच्या रहिवाशाला प्रायोजक म्हणून उभं करायचं. ओळखीचं कुणी नसेल तर पहिली वाट धरा. अर्ज प्रशासनाच्या ई-परमिट संकेतस्थळावर भरायचा आणि शुल्कही तिथेच. परवान्यावर बेटांची नावं असतात. अगत्ती बेटावर उतरून बंगारामला जाणार असाल तर दोन्ही नावं अर्जात हवीत.

कागद थोडेच: फोटो, ओळखपत्र, प्रवासाचा तपशील आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, म्हणजे पीसीसी. भरण्याआधी संकेतस्थळावरची ताजी यादी एकदा नजरेखालून घाला. वेळ खातं ते पीसीसी. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी हे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं. वाशी, बेलापूर, खारघर, पनवेल नवी मुंबई आयुक्तालयात. अर्ज ऑनलाइन होतो, पण पडताळणीला जवळच्या पोलीस ठाण्यात मूळ कागद घेऊन जावं लागतं.

आम्ही तेव्हा घणसोलीत भाड्यानं राहायचो आणि आधारवर पत्ता साताऱ्याचा. हवालदारांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पत्त्याच्या ओळीवर बोट टेकवलं आणि विचारलं, “इथं राहता त्याचा पुरावा?” नोंदणी केलेला भाडेकरार घरी कपाटात होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. बायकोच्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला काढून द्यावा लागला. तेव्हा भाडेकरार, वीजबिल आणि नावबदलाचा कागद पहिल्याच दिवशी पिशवीत टाका. परवान्याच्या अर्जावर, ओळखपत्रावर आणि तिकिटावर नाव अक्षरन् अक्षर एकच असू द्या. या सगळ्याला हाताशी दोन महिने ठेवा.

पनवेलवरून जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नावात लक्षद्वीप मिरवते, पण थांबते एर्नाकुलमला. पुढे कोचीहून जहाज किंवा अगत्तीचं विमान. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल धरून चला. बेटावर उतरल्यावर परवाना तिथल्या पोलीस ठाण्यात दाखवून नोंद करायची असते, म्हणून छापील प्रती जवळ ठेवा. आणि प्रवाळाचा तुकडा, मेलेला, किनाऱ्यावर पडलेला असला तरी, पिशवीत घालू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळाला संरक्षण आहे. तपासणीत सापडला तर गुन्हा दाखल होतो.

डायव्हिंगसाठी वेगळा कागद म्हणजे आरोग्याची प्रश्नावली. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं यांपैकी कशालाही ‘हो’ लिहावं लागत असेल तर इथल्याच डॉक्टरांची सही घेऊन निघा. बेटावर ती मिळवायला धावपळ होते. सर्टिफाइड डायव्हर असाल तर कार्ड आणि लॉगबुक, म्हणजे डाइव्हची नोंदवही, घ्या. पहिलीच वेळ असेल तर आधी तारकर्लीत एक डाइव्ह करून कान कसे साथ देतात ते बघा.

परतीचं तिकीट मात्र शेवटच्या डाइव्हचा दिवस ठरल्यावरच काढा. अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी दुपारनंतर पाण्याखाली जायचं नाही.