कार्डाला विरोध आणि नोंदवहीला विरोध

सरकारी डिजिटल ओळख योजनेविरुद्ध कोणी बोललं की हमखास विचारलं जातं, "पासपोर्ट चालतो, खिशातला फोन चालतो, मग हेच का नको?" या विरोधात दोन वेगळे आक्षेप असतात, आणि हा प्रश्न त्यांतल्या एकालाच लागू पडतो.

पहिला आक्षेप कार्डावर, म्हणजे मागेल त्याला ओळख दाखवण्याच्या सक्तीवर. ब्रिटनमध्ये 1939 साली युद्धासाठी ओळखपत्रं आली आणि युद्ध संपल्यावरही राहिली. डिसेंबर 1950 मध्ये क्लॅरेन्स विलकॉक या मोटारचालकाला पोलिसांनी अडवून ओळखपत्र मागितलं. त्यांनी साफ नकार दिला. खटल्यात ते दोषी ठरले, पण युद्धासाठीचा कायदा शांततेच्या काळात असा सरसकट वापरण्यावर अपिलाच्या न्यायाधीशांनीच ताशेरे ओढले. फेब्रुवारी 1952 मध्ये ओळखपत्रं बंद झाली.

दुसरा आक्षेप कार्डामागच्या नोंदवहीवर, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. ब्रिटनच्याच 2006 च्या ओळखपत्र कायद्यानुसार लोकांची माहिती बोटांच्या ठशांसह एका राष्ट्रीय नोंदवहीत जायची होती. ती माहिती कोणाला, केव्हा पुरवली, याचीही नोंद तिथेच राहणार होती. बँकेत खातं उघडलं, नोकरी बदलली, घर भाड्याने घेतलं. प्रत्येक पडताळणी एकाच क्रमांकाखाली साठत गेली की माणसाचा सगळा वावर कोणालातरी एका जागी वाचता येतो. त्यासाठी रस्त्यात कोणी अडवावं लागत नाही, आणि आपली माहिती कोणी पाहिली हे आपल्याला कळतही नाही. 2010 मध्ये नव्या सरकारने तो कायदा रद्द केला. पुढच्या वर्षी नोंदवहीच्या हार्ड डिस्कही नष्ट करण्यात आल्या, आणि तेच योग्य होतं. नुसती कार्डं रद्द करून दुसरा आक्षेप मिटला नसता.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या आधार निकालात योजना कायम ठेवली, पण पडताळणीच्या नोंदी सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायला मनाई केली. हा मुद्दा नोंदवहीचाच.

स्वित्झर्लंडमध्ये तर आराखडा बदलल्यावर कौलही बदलला. मार्च 2021 च्या सार्वमतात 64.4 टक्के लोकांनी डिजिटल ओळख नाकारली, कारण ती खासगी कंपन्या देणार होत्या. नव्या आराखड्यात ती सरकारनेच द्यायची, घेणं ऐच्छिक, आणि माहिती धारकाच्या फोनमध्येच राहणार. सप्टेंबर 2025 मध्ये तो जेमतेम 50.4 टक्क्यांनी मंजूर झाला. या मतदारांना तंत्रज्ञानाचे शत्रू म्हणणं अन्यायाचं आहे.

त्याच महिन्यात ब्रिटन सरकारने पुन्हा डिजिटल ओळख जाहीर केली. विरोधातल्या याचिकेवर 28 लाखांहून अधिक सह्या झाल्या. ओळखपत्र जवळ बाळगावं लागणार नाही, कोणी ते दाखवायला सांगणार नाही, असं सरकारने सांगितलं. हे उत्तर विलकॉक यांच्या आक्षेपाला आहे. 2006 च्या आक्षेपाचं उत्तर, म्हणजे प्रत्येक पडताळणीची नोंद कुठे राहील, किती दिवस आणि कोणाच्या हाती, हे कायद्यातच लिहून द्यावं लागेल.