धावपट्टी विद्यापीठाच्या मालकीची

१९५८ साली मराठवाड्याला दोन गोष्टी मिळाल्या. २३ ऑगस्टला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याच वर्षी नांदेडला सार्वजनिक बांधकाम खात्याने विमानांसाठी धावपट्टी बांधली. दोघांचं वय एकच, पण आजवर त्यांची गाठ पडलेली नाही. धावपट्टी पुढाऱ्यांची, यात्रेकरूंची, प्रवाशांची झाली. विद्यापीठ वर्गांचं, परीक्षांचं, पदव्यांचं राहिलं. धावपट्टी हीसुद्धा प्रयोगशाळा असू शकते, हे आपल्याकडे कुणाच्या फारसं मनात आलं नाही.

याचं मूळ थोडं मागे आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात विद्यापीठ होतं, १९१८ सालचं उस्मानिया. विमान कंपनीही होती, निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतली डेक्कन एअरवेज. पण दोन्ही हैदराबादेत. आपली मुलं शिकायला तिकडेच जायची आणि विमानंही तिथल्या बेगमपेठ विमानतळावरूनच उडायची. विद्यापीठासाठी मराठवाड्याला स्वातंत्र्यानंतर दहा-अकरा वर्षं थांबावं लागलं. जे मिळालं ते आधी जपायचं, ही वृत्ती त्यातून आली आणि ती मला समजते. पण तोवर बाहेरच्या जगात विद्यापीठं स्वतःचे विमानतळ चालवू लागली होती.

सुरुवात अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात झाली. डेव्हिड रॉस हा तिथलाच माजी विद्यार्थी. तो उद्योगपती झाला आणि पुढे विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष. त्याने १९३० च्या सुमारास विमानतळासाठी जमीन दिली. १९३४ पासून पर्ड्यूचा विमानतळ हा अमेरिकेतला विद्यापीठाच्या मालकीचा पहिला विमानतळ म्हणून ओळखला जातो. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध वैमानिक अमेलिया इअरहार्ट तिथे आली. मुलींना करिअरबद्दल सल्ला देणं आणि विमानविद्येच्या विभागाला मार्गदर्शन करणं, असं तिचं दुहेरी काम होतं. ज्या लॉकहीड इलेक्ट्रा विमानातून ती १९३७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि परत आली नाही, ते पर्ड्यूच्या संशोधन प्रतिष्ठानाने उभारलेल्या निधीतून घेतलेलं होतं. नील आर्मस्ट्राँग याच विद्यापीठाचा. चंद्रावरून सगळ्यात शेवटी परतलेला यूजीन सर्नानही इथलाच. केवळ विमानतळामुळे ते चंद्रावर गेले असं मी म्हणणार नाही. पण वर्गाबाहेर पडल्यावर ज्यांना समोर हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड दिसते, त्या मुलांना उड्डाण परकं वाटत नाही, एवढं नक्की.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकी सरकारने महाविद्यालयांमधून नागरी वैमानिक घडवायचा कार्यक्रम आखला. १९३८ च्या अखेरीस जाहीर झालेल्या आणि अवघ्या १३ महाविद्यालयांपासून सुरू झालेल्या या योजनेत १९४४ पर्यंत ४ लाखांवर लोकांनी विमान चालवायचं शिक्षण घेतलं. ओहायो स्टेटचा विमानतळ याच काळातला. इलिनॉय विद्यापीठाचा विलर्ड विमानतळ १९४५ चा. विलर्डचं मला विशेष वाटतं ते तिथे १९४६ मध्ये सुरू झालेल्या विमानचालन मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेमुळे. डायल कुठे बसवला म्हणजे वैमानिकाची नजर चुकत नाही, जमिनीवरच्या सिम्युलेटरवर घेतलेले धडे हवेत कितपत उपयोगी पडतात, असे प्रश्न तिथे अभ्यासले गेले. विमानतळाची मालकी असण्याचा खरा उपयोग हा. प्रश्न पडला की उत्तर शोधायला धावपट्टी दाराशी असते.

पण विलर्डची पुढची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धवट राहील. २०११ मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनी तिथली विमानविद्येची संस्था बंद करायचा निर्णय घेतला. वैमानिक प्रशिक्षण जवळच्या पार्कलंड महाविद्यालयाकडे गेलं. विमानतळ मात्र विद्यापीठाकडेच राहिला. शिकवणं गेलं आणि सांभाळणं उरलं. अग्निशमन दल, धावपट्टीची डागडुजी, सुरक्षा, प्रवासी टर्मिनल या सगळ्याचा खर्च चालूच राहतो. मग सिनेटमध्ये साहजिकच प्रश्न येतो: हे विद्यापीठाचं काम आहे का?

अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल इथल्या होरेस विल्यम्स विमानतळाचा शेवट वेगळा झाला. तिथून वर्षानुवर्षं वैद्यकीय शाखेचे डॉक्टर छोट्या विमानांनी राज्यातल्या आडबाजूच्या गावांत जायचे. सकाळी निघायचं, तिथे रुग्ण तपासायचे, स्थानिक डॉक्टरांना शिकवायचं आणि संध्याकाळी परत. पण भोवती गाव वाढलं, विद्यापीठालाही नव्या परिसरासाठी जागा हवी होती. डॉक्टरांची उड्डाणं आधी दुसऱ्या विमानतळावर हलली आणि २०१८ मध्ये होरेस विल्यम्स कायमचा बंद झाला. विमानतळ म्हणजे शेकडो एकर सपाट जमीन. रोजचं काम थांबलं की त्या जमिनीवर सगळ्यांची नजर जाते.

ब्रिटनमधल्या क्रॅनफिल्डने मात्र वेगळी वाट धरली. १९३७ चा हवाईदलाचा तळ, युद्ध संपताच १९४६ मध्ये तिथे विमानविद्येचं महाविद्यालय आणि आज विद्यापीठ. प्रवासी आणून तिकिटं विकण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. स्वतःचं विमान प्रयोगशाळेसारखं सजवलं आणि विद्यार्थ्यांना त्यात बसवून आकडे घ्यायला लावले. सप्टेंबर २०२० मध्ये हायड्रोजन इंधनपेशीवर चालणारं सहा आसनी विमान तिथल्याच धावपट्टीवरून उडालं. माझ्या मते विद्यापीठाच्या विमानतळाचं भविष्य कसं असावं, याचा सगळ्यात स्पष्ट नमुना हाच.

पर्ड्यूमध्येही नियमित प्रवासी सेवा २००४ मध्ये थांबली आणि २०२४ मध्ये शिकागोसाठी पुन्हा सुरू झाली. मधली वीस वर्षं विमानतळ ओस पडला नाही, कारण सकाळपासून विद्यार्थी सर्किट मारत होते, म्हणजे धावपट्टीभोवती सरावाच्या फेऱ्या घेत होते.

भारतात याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आयआयटी कानपूरचं. १९६२ ते १९७२ या काळात या संस्थेला अमेरिकेतल्या नऊ संस्थांच्या गटाने मदत केली. त्या नऊमध्ये पर्ड्यू होतं आणि ओहायो स्टेटही होतं, दोन्ही स्वतःचा विमानतळ असलेली विद्यापीठं. आज कानपूरच्या आवारात धावपट्टी आहे, हँगर आहे, ग्लायडर आणि छोटी विमानं आहेत. राजस्थानात वनस्थळी विद्यापीठाचीही स्वतःची धावपट्टी आहे आणि तिथे मुली विमान चालवायला शिकतात.

कानपूरसारख्या ठिकाणच्या उड्डाण प्रयोगशाळेत काय करतात, ते थोडं जवळून पाहू. विमानविद्येच्या पुस्तकात ‘फ्युगॉइड’ नावाचा एक धडा असतो. वर्गात ते एक समीकरण असतं, मुलं ते पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. विमानात हे असं घडतं: वैमानिक विमान सरळ, एका वेगावर स्थिर करतो. मग दांडा हलकासा मागे ओढतो आणि सोडून देतो. नाक वर जातं, वेग उतरतो. वेग उतरला की नाक आपोआप खाली येतं, वेग वाढतो आणि पुन्हा नाक वर. विमान संथ लाटेवरच्या होडीसारखं हेलकावत राहतं. मागे बसलेल्या विद्यार्थ्याच्या मांडीवर कागदाचं पॅड, हातात स्टॉपवॉच. वेग सेकंदाला ५० मीटर असेल तर सूत्र सांगतं की एका हेलकाव्याला साधारण २२ ते २३ सेकंद लागतील. पोटात गोळा आलेला असतो, अक्षर वाकडंतिकडं येतं, पण घड्याळातला आकडा सूत्राच्या जवळपास आला की तो धडा जन्मभर लक्षात राहतो. मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. फळ्यावर ही लाट खडूने काढताना दर वर्षी मला त्या स्टॉपवॉचची आठवण येते.

कानपूरच्या धावपट्टीचा आणखी एक उपयोग मराठवाड्याने विशेष लक्ष देऊन पाहावा असा आहे. जून २०२३ मध्ये तिथल्या छोट्या सेस्ना विमानाने कृत्रिम पावसाच्या फवारणीसाठी लागणाऱ्या उपकरणांची चाचणी केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कानपूरहूनच उडालेल्या विमानाने दिल्लीवर तसे प्रयोग केले. ढगांत ओलावा फारच कमी होता आणि पावसाने निराशा केली. पण विमान संस्थेचं, उपकरणं संस्थेची आणि आलेलं अपयशसुद्धा त्यांच्याच वहीत नोंदलेलं. पुढच्या वेळी कुठे चुकलं ते शोधायला त्यांना कुणाच्या दारात जावं लागणार नाही.

आता आपल्याकडचं पाहा. २०१५ च्या आणि पुन्हा २०१९ च्या टंचाईत मराठवाड्यावर कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. दोन्ही वेळा विमानं बाहेरून भाड्याने आणावी लागली. मधल्या २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते दिवस कुणी विसरलेलं नाही. धाराशिवला लागून असलेल्या सोलापूर परिसरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये शास्त्रशुद्ध प्रयोग केला. योग्य ढग निवडले, तर वाऱ्याच्या दिशेच्या १०० चौरस किलोमीटर पट्ट्यात सुमारे १८ टक्के जास्त पाऊस पडू शकतो, असा त्याचा निष्कर्ष निघाला. म्हणजे विषय आपल्या डोक्यावरच्या ढगांचा आहे. त्याचा अभ्यास आपल्याच विद्यापीठाने, आपल्याच धावपट्टीवरून, दुष्काळ असो वा नसो, दर पावसाळ्यात करायला हवा. ऐन दुष्काळात धावपळ करून आणलेल्या विमानाला ढगच मिळत नाहीत.

धावपट्ट्या तर आहेत. नांदेडचा विमानतळ शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या ३०० वर्षांच्या सोहळ्याच्या निमित्ताने, २००८ मध्ये मोठा झाला. लातूरची धावपट्टी १९९१ ची. धाराशिवलाही एक आहे. २००९ मध्ये राज्याने या तिन्ही, शिवाय बारामती आणि यवतमाळ, खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं तेव्हा मराठवाड्यात आनंद झाला. नंतर कंपन्या आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. लातूर आणि धाराशिव मात्र अजून नियमित प्रवासी विमानाच्या आशेवरच आहेत. ‘विमान कधी सुरू होणार?’ हा एकच प्रश्न आपण या धावपट्ट्यांना इतकी वर्षं विचारत आलो. त्या शिकण्यासाठी वापरता येतील का, हा दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

लातूरला नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं. म्हणजे ज्या दोन शहरांत धावपट्टी बहुतेक वेळ रिकामी, त्याच दोन शहरांत विद्यापीठाचं छप्पर आधीच उभं आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतीसाठी ड्रोन आणि यंत्रमानव यांवर काम झालं आहे. त्याला लागणारी माणसं, मोकळं आकाश आणि पिकांचे प्रश्न इथेच आहेत. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि पावसाळा सोडला तर मराठवाड्याचं आभाळ महिनोन् महिने स्वच्छ असतं. लातूर पॅटर्नने अख्ख्या महाराष्ट्राला डॉक्टर आणि इंजिनिअर दिले. त्याच गावातल्या मुलीला विमान शिकायचं असेल तर ती बहुतेक वेळा घर सोडून लांब जाते आणि वडील जमीन गहाण टाकायचा विचार करतात.

मालकीचा प्रश्न अवघड आहे, हे मान्य. आपल्या विद्यापीठांना विमानतळ चालवायला लावलं तर विलर्डसारखा खर्चाचा डोंगर त्यांच्या डोक्यावर यायला वेळ लागणार नाही. म्हणून प्रवासी टर्मिनलचं स्वप्न विद्यापीठाने पाहूच नये, असं माझं ठाम मत आहे. धावपट्टीचे ठरावीक तास, एक हँगर, एक-दोन छोटी विमानं, हवामानाची उपकरणं आणि पगारी तंत्रज्ञ. सुरुवात एवढीच असावी, आणि तीही दीर्घ कराराने.

आणि जमिनीची राखण. ती किती महत्त्वाची, हे छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाने शिकवलं आहे. २६ एप्रिल १९९३ ला मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग उड्डाण घेताना धावपट्टीच्या टोकाजवळच्या रस्त्यावरच्या ट्रकला धडकलं. ट्रकवर कापसाच्या गाठी उंचच उंच रचलेल्या होत्या. पुढे विमान विजेच्या तारांवर आदळलं आणि ११८ जणांपैकी ५५ जण गेले. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबरच उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचाही ठपका आला. धावपट्टी फक्त डांबराच्या पट्ट्यापुरती नसते. तिच्या टोकापुढचा रस्ता, तारा, झाडं आणि वाढत जाणारी वस्ती, सगळं तिच्यातच मोडतं. लातूर आणि धाराशिवच्या धावपट्ट्यांभोवती अजून बरीचशी शेतं आहेत. कोणत्या बाजूला किती उंच बांधायचं, याचे नकाशे पक्के करायला हीच वेळ आहे. भोवती प्लॉट पडायला लागले की ते काम हातातून गेलंच म्हणून समजा.